निळूभाऊ कायम पाटीलच का?

प्रश्न (एक वाचक, कराड): निळू फुले बघावं तेव्हा गावचा पाटील नाहीतर कारखान्याचा चेअरमन, आणि नजर वाईट. एवढा मोठा नट म्हणता मग दुसरं काही केलंच नाही का? आमची आजी अजून टीव्हीवर ते दिसले की शिव्या घालते.

उत्तर: आजींना एक सांगा, हा माणूस सेवा दलातला, पुण्याच्या मिलिटरी मेडिकल कॉलेजात माळीकाम केलेला, आणि पुढे दाभोलकर-लागूंच्या सोबतीनं अंधश्रद्धेविरुद्ध बोलत फिरणारा. १९६८ ला 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा चालला आणि मग काय, निर्मात्यांना साचा मिळाला, तमाशापट म्हटलं की इरसाल माणूस निळूभाऊच. बाकीचे खलनायक ओरडायचे, हे आवाज खाली आणून, डोळे अर्धे मिटून, सावकाश बोलायचे, त्याचीच जास्त भीती वाटायची. नकला करणारे फक्त तो घोगरा आवाज उचलतात, मधले पॉज कुणालाच जमत नाहीत!

आता 'सामना' (१९७५) बघा. हिंदुराव धोंडे पाटील, म्हणजे साचा तोच, साखर कारखाना, सत्ता, पैसा. पण समोर लागूंचा दारुडा मास्तर 'मारुती कांबळेचं काय झालं' म्हणून पिच्छा पुरवतो आणि ह्या पाटलाचा माज हळूहळू उतरत जातो, ते सगळं चेहऱ्यावर दिसतं. आणि 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू टिपणीस तर पूर्ण उलटा, हा माणूस बहुतेक वेळ नुसता ऐकतो, बघतो, आणि त्याचंच डोकं फिरायची पाळी येते. स्टेजवर तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर केला तो वेगळाच. म्हणजे केलं नाही असं नाही, दिलं कमी. अर्थात मधल्या काळात तेच ते पिक्चर त्यांनीही भरपूर घेतले, तेवढं माझ्या मते त्यांच्या खात्यावर टाकायला हरकत नाही.

प्रश्न (एक वाचिका, ठाणे): हिंदीत सारखा पोलीस इन्स्पेक्टर होणारा तो नट कोण हो?

उत्तर: जगदीश राज. १४४ पिक्चरमध्ये पोलीस, गिनीज बुकात नोंद आहे. २०१३ ला गेले. ह्यांच्या वाट्याला मात्र कुणी 'सिंहासन' आणलं नाही, वर्दी काही सुटली नाही. आणि हो, अनिता राज त्यांचीच मुलगी.