परळातलं पाणी, न्हाणीतला साप

गच्चीवर पाणी ठेवतो, पण चिमण्या फिरकत नाहीत. काय चुकतंय? (लातूर)

बहुधा भांडं. स्टीलचं पातेलं वैशाखात दुपारपर्यंत चटका देण्याइतकं तापतं आणि गुळगुळीत काठावर चिमणीची नखं ठरत नाहीत. मातीचा पसरट परळ घ्या. पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको, मध्ये एक खडबडीत दगड ठेवा. जागा सावलीची हवी, पण झुडपापासून चार-पाच हात दूर, नाहीतर मांजर आडोशाला दबा धरून बसतं. रोज सकाळी काथ्याने घासून पाणी बदला, साबण नको. विष्ठा पडलेल्या पाण्यातून पक्ष्यांत रोग पसरतो आणि चार दिवस तसंच राहिलं तर डासांच्या अळ्या वळवळायला लागतात. जागा मात्र सारखी बदलू नका, ओळख व्हायला आठ-पंधरा दिवस जातात.

पहिल्या पावसानंतर न्हाणीत पांढऱ्या पट्ट्यांचा साप निघाला. मण्यार समजून मारला. कवड्या असेल का? (परभणी)

असू शकतो. मण्यार म्हणून सर्रास मारला जातो तो हाच बिनविषारी कवड्या, आणि तो घरात येतो पालींच्या मागे. त्याचा रंग तपकिरी. पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यार चकचकीत निळसर काळा. त्याचे बारीक पट्टे बहुधा जोडीजोडीने, डोक्यापासून बरंच अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात.

पण हा फरक फोटोत बघायचा. समोर साप असताना वाकून पट्टे बघू नका. आठ-दहा फूट लांब थांबा, दार ओढून फटीत फडकं घाला आणि वन विभागाच्या 1926 वर फोन करा.

मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. दंश फारसा दुखत नाही, खूणही कधी सापडत नाही. पहाटे पोटात कळ आली, पापण्या जड झाल्या तर 108 बोलवा आणि प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय गाठा. करकचून बांधणं, चिरा देणं, मांत्रिक, यांतलं काहीही नको. पावसाळ्यात खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा.

थंडीत संध्याकाळी हजारो पक्षी बाभळींवर उतरतात. कोणते? (जालना)

भोरड्या. मध्य आशियातून येतात, उन्हाळ्याच्या सुरुवातीला परततात. ज्वारीच्या हुरड्यावर पडतात म्हणून शेतकऱ्याचा राग रास्तच आहे, पण नाकतोडेही तेच खातात. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी जाऊन थांबा. फटाके लावून उठवू नका.

दारासमोरच्या कडुलिंबावर पिंगळा ओरडतो. घरचे फांदी तोडा म्हणतात. (छत्रपती संभाजीनगर)

तोडू नका. तो दिव्याभोवतीचे किडे आणि उंदरांची पिल्लं टिपतोय. हिवाळा संपता संपता जुन्या ढोलीत त्याची पिल्लं असतात. एखादं खाली पडलं तर फडक्यात धरून ढोलीजवळच्या फांदीवर ठेवा आणि दूर व्हा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, हे खरं नाही. दूध-भात भरवू नका.