अनुवाद केला म्हणून मजकूर आपला होत नाही
पानिपतावरील निबंधासाठी इंग्रजी ग्रंथातील दोन पाने तुम्ही स्वतः मराठीत आणली, एकही वाक्य जसेच्या तसे घेतले नाही, तरीही मार्गदर्शकांनी वाङ्मयचौर्याचा शेरा मारला, अशी तुमची तक्रार आहे. मला मार्गदर्शकांचेच म्हणणे पटते. भाषा बदलली तरी घटनांची मांडणी, कारणमीमांसा आणि निष्कर्ष मूळ लेखकाचेच राहतात. तिथे तळटीप दिली असती तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

त्याहून मला खटकले ते दुसरेच. ‘दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या’ हा पेशव्यांपर्यंत पोहोचलेल्या पत्रातील प्रसिद्ध मजकूर तुम्ही अवतरणचिन्हांत दिला आहे आणि खाली नुसते ‘समकालीन पत्र’ असे लिहिले आहे. ते पत्र तुम्ही पाहिले आहे काय? ब्रिटिश इतिहासकार ग्रँट डफच्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासात हा मजकूर इंग्रजीत येतो, आणि मराठी पुस्तकांत त्याची शब्दयोजना सारखीच आढळते असे नाही. तेव्हा ज्या पुस्तकातून तुम्ही तो उतरवून घेतला, त्याचे नाव व पृष्ठ देऊन ‘येथे उद्धृत’ असे लिहावे. पानिपतची लढाई प्रत्यक्ष पाहिलेल्या काशीराजाच्या वृत्तांताचेही तेच: मूळ फारसी, आपण वाचतो ते बहुधा ब्राउनचे इंग्रजी भाषांतर, आणि तळटिपेत मात्र थेट काशीराज!

मी स्वतः एम.ए.ला असताना एका ग्रंथाच्या तळटिपेवरून इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या पत्रसंग्रहाचा खंड आणि लेखांक, म्हणजे पत्राचा क्रमांक, उचलला होता. मूळ ग्रंथात लेखांक चुकीचा छापला गेला होता आणि परीक्षकांनी नेमका तोच काढून दाखवायला सांगितला. राजवाड्यांचा १८९८ सालचा पहिला खंड पानिपतापर्यंतच्याच पत्रांचा आहे, म्हणून तुम्ही तो उघडावाच. संदर्भ देताना संपादक, ग्रंथ, खंड, वर्ष आणि लेखांक लिहावा, शिवाय पत्राची तारीखही द्यावी. पुनर्मुद्रणात पृष्ठे बदलली तरी लेखांकावरून पत्र सापडते.

इतर मजकुराशी साम्य किती टक्के निघेल, ही तुमची भीती मात्र अनाठायी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि योग्य संदर्भासह दिलेली अवतरणे त्या मोजणीत धरलीच जात नाहीत. टिपणे काढताना उतरवलेला मजकूर लाल शाईने आणि स्वतःचे शब्द निळ्या शाईने लिहावेत, पृष्ठांक तिथल्या तिथे नोंदवावा. महिन्याभराने वही उघडल्यावर कोणते वाक्य कोणाचे, हे आठवत नाही.