वाचकांचे प्रश्न : अर्ज सगळे सारखे, मग माणूस ओळखायचा कसा?

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत आमची तूरडाळीची मिल आहे. सॉर्टेक्ससाठी, म्हणजे कॅमेऱ्याने डागी दाणे ओळखून हवेच्या झोताने बाजूला काढणाऱ्या मशीनसाठी, ऑपरेटर हवा आहे. आलेले अर्ज एकाच हाताने लिहिल्यासारखे आहेत, बहुतेक एआयकडून लिहून घेतलेले. अर्जांना गुण देणारं सॉफ्टवेअर घ्यावं का?

उत्तर : घेऊ नका. एआयने लिहिलेला अर्ज एआयनेच तपासला, तर उमेदवार तुम्हाला कळणार कसा? शिवाय असं सॉफ्टवेअर जुन्या भरतीवरून शिकलेलं असेल, तर तिच्यातला पक्षपातही उचलतं. अ‍ॅमेझॉनने दहा वर्षांच्या अर्जांवर असं एक साधन घडवलं होतं. ते अर्ज मुख्यतः पुरुषांचे, म्हणून ते बायकांचे अर्ज मागे टाकू लागलं आणि कंपनीने ते सोडून दिलं. २०१८ मध्ये ही बातमी बाहेर आली.

अर्ज शिक्षण आणि आधीचं काम कळण्यापुरता वाचा, भाषेला गुण नकोत. परीक्षा मिलमध्येच घ्या. दोन तास पुरतात, पण त्या वेळेचे पैसे द्या. दिवसाची मजुरी बुडवून येणारा नाहीतर फिरकणारच नाही.

रिजेक्टच्या, म्हणजे मशीनने बाजूला काढलेल्या मालाच्या, पोत्यातून अर्धा किलो माल काढा. त्यातली चांगली डाळ वेगळी करून तोलायला सांगा. समजा १५० ग्रॅम भरली, तर रिजेक्टमध्ये ३० टक्के चांगला माल जातोय. मग विचारा, ‘कशामुळे? आधी काय बघाल?’ आणि मध्ये न बोलता ऐका. जाणकार आधी फीड बघतो, म्हणजे मशीनमध्ये माल किती पडतोय ते. व्हायब्रेटरवरून माल जास्त पडला की दाणे चिकटून उतरतात, आणि काळ्या दाण्याबरोबर शेजारचा चांगलाही हवेने उडतो. मग कॅमेऱ्यापुढची काच. तिच्यावर भुकटी बसली असेल तर स्वच्छ दाणाही मशीनला डागी दिसतो. मग एखादा व्हॉल्व्ह अडकून सारखी हवा सोडतोय का ते. सेन्सिटिव्हिटीला, म्हणजे मशीन किती बारीक डाग पकडेल त्या सेटिंगला, हात सगळ्यात शेवटी. जो आधी तीच कमी करतो, त्याचा रिजेक्ट घटेल, पण डागी दाणे चांगल्या मालात शिरतील आणि व्यापारी पोती परत करेल. हे सगळं तोंडी घ्या. चालू मशीनला परक्या माणसाचा हात लागता कामा नये.

नवख्याला यातलं काही येणार नाही, आणि तरीही तोच तुमचा उत्तम ऑपरेटर होऊ शकतो. त्याला पंधरा मिनिटं मशीन समजावून सांगा. मग उलटा नमुना द्या, चांगल्या डाळीत डागी दाणे राहिलेला. जे शिकला त्यावरून हवेचा दाब कमी पडत असेल इथपर्यंत तो स्वतः पोचला, तर त्याला सोडू नका. आमच्या मते अनुभवाच्या दाखल्यापेक्षा ही पंधरा मिनिटं जास्त सांगतात. बोलणं अहिराणीत किंवा लेवा बोलीत होऊ द्या, माणूस मोकळा होतो.

सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. तुम्ही आणि मुकादम, दोघांनी १ ते ५ गुण स्वतंत्रपणे लिहा आणि मगच चर्चा करा. आधी चर्चा झाली की मालकाचा कल बघून गुण पडतात. ओळखीच्या चिठ्ठीवर आलेल्यालाही हीच परीक्षा.

शेवटी एका बिघाडावर मोबाइलवरच्या एआयला विचारू द्या. उत्तर तसंच वाचून दाखवतो, की ‘आपल्या मशीनला हे लागू आहे का’ म्हणून मॅन्युअल मागतो, ते बघा. आता हे कसबही लागणारच आहे.

प्रश्न : मी नंदुरबारला मिरची वाळवण्याच्या पथारीवर वीस बायकांची हजेरी आणि मजुरीचा हिशेब ठेवते. शिक्षण दहावी. मसाला कारखान्यात सुपरवायझरसाठी अर्ज कसा करू?

उत्तर : ताई, ‘मेहनती, प्रामाणिक’ हे शब्द आता प्रत्येक अर्जात असतात, ते गाळा. ओली मिरची किती क्विंटल आली, वाळून किती उतरली, देठ खुडायला किती बायका लावल्या, अवकाळी पावसात माल कसा झाकला, हे तुमच्या वहीतल्या आकड्यांनिशी लिहा. टाइप करायला एआयची मदत जरूर घ्या, मात्र नंतर एकेक ओळ वाचा आणि तुम्ही न केलेलं काम त्याने घुसडलं असेल तर काढून टाका. मुलाखतीला वही सोबत न्या. मालकांची आणि मजुरांची नावं असलेली पानं मात्र दाखवू नका.