ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा रोल घरी हाताने धुवावा की फिरतं मशीन घ्यावं?

हाताने. महिन्याला दोन-चार रोल धुणाऱ्याने मशीनवर पैसे घालू नयेत.

मिरजेत आमच्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. डी-७६, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण, डेव्हलपर, अण्णा घरीच बनवायचे. लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सल्फाइट १००, हायड्रोक्विनोन ५, बोरॅक्स २. हे प्रमाण मला पाढ्यांसारखं पाठ होतं आणि आठवीपासून टँक, म्हणजे रोल धुण्याचा बंद डबा, माझ्याच हातात असायचा. दादाचं म्हणणं, हाताला सारखेपणा नसतो, तो मोटरला असतो. २०१२च्या मे महिन्यात त्याने सेकंडहँड मशीन आणलं आणि त्याच आठवड्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. मी एचपी-५ या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचे दोन रोल काढले: एक ओवाळण्याचा, दुसरा पंगतीचा.

ओवाळण्याचा रोल दादाने मशीनला लावला. यात टँक आडवा पडून फिरतो, म्हणून डेव्हलपर थोडा पुरतो. तिसऱ्या मिनिटाला लाइट गेली. मी म्हटलं, "दादा, हाताने फिरव." तो म्हणाला, "थांब, येईल आत्ता," आणि इन्व्हर्टरची पिन शोधायला गेला. मला त्याने मशीनला हात लावू दिला नाही. चार मिनिटं टँक तसाच आडवा. आत रोल ज्यावर गुंडाळलेला असतो त्या रिळाचा खालचा भाग डेव्हलपरमध्ये बुडालेला, वरचा कोरडा.

रोल दोरीवर लावला तेव्हा पट्टे दिसले. एका टोकाला दर सहा-सात फ्रेमना एकदा दाट, मग पातळ. रिळाच्या आतल्या वेढ्यांत तेच तीन-चार फ्रेमना. आत्या ताट घेऊन उभी आहे, ८१ दिव्यांतले निम्मे आहेत, आणि आजीचा चेहरा इतका पातळ की कुठल्याही ग्रेडच्या (कॉन्ट्रास्टच्या) कागदावर तो आला नाही. दिवाळीआधी आजी गेली.

पंगतीचा रोल मी त्याच संध्याकाळी मेणबत्ती लावून हाताने धुतला. टँक बंद असल्यावर उजेडाचं काय भय? छत्तीसच्या छत्तीस फ्रेम आल्या. भिंतीवर आजीचा जो फोटो आहे तो त्यातला, पुरणपोळीवर तूप घेतानाचा.

दादा आजही म्हणतो, दोष लाइटचा, मशीनचा नाही. आपल्याकडे मे महिन्यात लाइट जाणारच, हे ज्याला ठाऊक आहे त्याने असं म्हणू नये.

आता तुमचं. उन्हाळ्यात नळाचं पाणी तिशीला जातं, २० अंशांचा हट्ट धरू नका. माठाचं पाणी घ्या, थर्मामीटर लावा. एचपी-५ला १+१ (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी) डी-७६मध्ये २० अंशांना ११ मिनिटं लागतात, २४ला साडेसात-आठ. फक्त वेळ पाच मिनिटांच्या खाली आणू नका, डाग पडतात. दर मिनिटाला दहा सेकंद टँक उलटासुलटा करा आणि प्रत्येक वेळी ओट्यावर एकदा ठोका, बुडबुडे सुटतात. हायपो (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि शेवटचं धुण्याचं पाणीही त्याच तापमानाचं हवं. पावसाळ्यात रीळ पूर्ण वाळल्याशिवाय रोल चढवू नका, ओल्या प्लास्टिकवर तो मधेच अडकतो.

रंगीत रोल धुणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथे ३८ अंश आणि सव्वातीन मिनिटं, अर्ध्या अंशाचीही चूक चालत नाही. मशीनचं पाणी तापमान धरून ठेवतं. एका बैठकीत आठ-दहा रोल असतील तरी मशीन घ्या. मात्र ब्लॅक अँड व्हाइटचा वेळ साधारण १५ टक्के कमी करा, कारण टँक सतत फिरत असतो. आणि इन्व्हर्टरची पिन आधी लावून ठेवा. लाइट गेलीच तर कोणाची वाट बघू नका, टँक हाताने फिरवा. दादाला त्या दिवशी मी एवढंच सांगत होतो.