ऑटिस्टिक आणि हळव्या स्वभावाच्या माणसाला कोकणात राहून पुस्तकांच्या संपादनात समाधानाचं करिअर करता येईल का?

प्रश्न वाचला आणि दोन दिवस काही लिहवलं नाही. तुम्ही म्हणता, गेल्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं, घर रत्नागिरीकडे, गोंगाट सोसत नाही, कुणी चढ्या आवाजात बोललं की पुढचे दोन दिवस वाया जातात. तरी पुस्तकांचं संपादनच करावंसं वाटतं, तर त्यात रमता येईल का आणि प्रकाशकाला निदान सांगावं का. रमता येईल. मी करते आहे, पैसे बेताचे मिळतात. पण पुण्यामुंबईला जाऊन प्रकाशनात खुर्ची धरायचा विचार असेल तर आधी माझं ऐका.

मी रत्नागिरीजवळच्या पूर्णगडची. 2009 ते 2013 पुण्यात एका प्रकाशनात होते. हुद्दा साहाय्यक संपादक, काम प्रूफं वाचायचं. ऑफिस तळघरात. डोक्यावरच्या ट्यूबचा चोक दिवसभर गुणगुणायचा आणि तो माझ्याशिवाय कुणालाच ऐकू यायचा नाही. दुपारी मी जिन्याखाली जाऊन दहा मिनिटं डोळे मिटून बसायचे. त्यावरून 'माणसात मिसळत नाही' असा शेरा कायमचा चिकटला. निदान झालं 2019 मध्ये, वयाच्या 36व्या वर्षी, म्हणजे तेव्हा मलाही आपण नुसत्या विचित्र आहोत असंच वाटायचं.

तिथे एक कादंबरी आली. लेखक नावाजलेले, पण घाटावरचे, आणि गोष्ट कोकणातल्या खाडीकाठची. तिच्यात पौर्णिमेला भर दुपारी बारा वाजता नायिका गुडघाभर चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढते आणि रात्री चांदण्यात पुढचा प्रसंग घडतो. आता आमच्याकडचं शाळकरी पोरही सांगेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे बारा वाजता बाईंच्या डोक्यावरून पाणी जात असणार! ओहोटी पुरी व्हायची ती साडेपाचच्या सुमाराला. त्यात पौर्णिमेचं उधाण, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा लांब आत हटणार, तिसऱ्या काढायला याहून चांगली वेळ नाही. 'भर दुपारी' काढून 'उतरत्या उन्हात' केलं की काम झालं. वर तासाभरात चंद्र उगवतो, तेव्हा लेखकांचं चांदणंही जागच्या जागी. दोन शब्दांचा प्रश्न होता.

मी समासात खूण केली. आमचे वरिष्ठ, त्यांना सगळे सर म्हणायचे, ते म्हणाले, "कोण बघतंय?" मी तीन पानांचं टिपण करून दिलं, भरती-ओहोटीच्या आकृतीसकट. सर म्हणाले, "तुला पंचांग कळतं, कादंबरी कळत नाही." लेखकांना विचारू का म्हटलं, तर नको, ते मोठे आहेत. चार रात्री मला झोप नाही. डोळे मिटले की ती बाई बारा वाजता चिखलात उभी. पाचव्या दिवशी तो फर्मा, म्हणजे त्या पानांचा छपाईचा ताव, मशीनवर चढणार होता. मी प्रेसला फोन केला आणि सांगितलं, सरांचा निरोप आहे, थांबा. आयुष्यात एवढं धडधडीत खोटं मी दुसऱ्यांदा बोललेली नाही. मशीन अर्धा दिवस उभं राहिलं, नुकसान झालं, ते माझ्यामुळेच. सगळ्या ऑफिससमोर जी बोलणी बसली त्यातला शब्द न् शब्द मला आजही क्रमाने पाठ आहे. महिन्याच्या आत स्वारगेटवरून रत्नागिरीची एसटी धरली.

पुस्तक आलं. पान 112, भर दुपारी. दोन आवृत्त्या संपल्या, एकाही वाचकाचं पत्र आलं नाही. एवढ्यापुरते सर बरोबर होते, हे कबूल करायला मला फार वर्षं लागली.

ज्याला ते हट्ट म्हणायचे त्याच्यावरच आज माझी चूल पेटते. संपादक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर श्री. पु. भागवत येतात, लेखकाला घडवणारे वगैरे. ते मला जमणार नाही, बहुधा तुम्हालाही नाही, आणि त्याची गरजही नाही. मी प्रत्येक हस्तलिखिताची वेगळी वही करते. पात्रांची नावं, वयं, तिथ्या, कोण कोणाला काय हाक मारतं, कुठल्या महिन्यात कुठलं फळ. आत्या चाळिसाव्या पानावर सुमती आणि दोनशेव्यावर सुमन झालेली असते. आश्विनात करवंदं पिकलेली असतात. हे लेखकाला दिसत नाही, त्याच्या बायकोला दिसत नाही, आपल्याला मात्र पायात काटा मोडावा तसं बोचतं. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना अर्धा र बिघडतो, हे तुम्हाला माहीत असेलच. एका ट्रेकिंगच्या पुस्तकात त्यामुळे सह्याद्रीच्या सगळ्या दऱ्यांचा दर्या झाला होता, 61 ठिकाणी. मला ते काम करताना जो आनंद झाला तो मी कुणाला सांगायलाही जात नाही.

कामं कुठली, तर कादंबऱ्या थोड्याच. देवस्थानाची स्मरणिका, निवृत्त हेडमास्तरांचं आत्मचरित्र, पीएचडीचे प्रबंध, आणि ऑगस्टपासून दिवाळी अंक. प्रूफाला पानामागे 15 रुपयांवर सुरुवात केली, आता 25 घेते. संपादनाचा दर वेगळा, हस्तलिखित बघून. आगाऊ निम्मे घ्या. फोन घेऊ नका, सगळं लेखी मागा. 'सर, जरा बोलूया का' म्हणणाऱ्या माणसाचं अर्धं काम बोलण्यातच जातं आणि त्याचे पैसे तो देत नाही.

दिवाळी अंकांची प्रूफं नेमकी गणपतीत येतात. घरात 14 चाकरमानी, ओटीवर झांजा, माजघरात एकाच वेळी तीन बायका तीन विषयांवर. मी माळ्यावर जाते. कौलांवरचा पाऊस कितीही कोसळला तरी चालतो, तो एका लयीत असतो. कुकरची शिट्टी नाही चालत. पहिल्या वर्षी मामी खालून म्हणाली, "काय गो, चुका काढून पोट भरणार काय?" यंदा तिच्याच जावयाचा प्रबंध माझ्याकडे आहे. पूर्ण दर लावलाय.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचं बघून ठेवा. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, पण त्यासाठी जी इसा (ISAA) नावाची चाचणी लावतात तिच्यात 40 मुद्दे, प्रत्येकाला 1 ते 5 गुण, आणि बेरीज 70च्या खाली आली की तुम्ही ऑटिस्टिक नाही. मुद्दे बहुतेक लहान मुलं डोळ्यांसमोर ठेवून काढलेले वाटतात. आयुष्यभर सगळं झाकून वागायला शिकलेली मोठी माणसं त्यातून निसटतात. निसटलात तर मनाला लावून घेऊ नका.

एक गोष्ट खरं तर पहिल्या ओळीतच सांगायला हवी होती. माझं घर वडिलोपार्जित आहे, आईची पेन्शन येते आणि मागे आंब्याची 20 कलमं आहेत. भाडं भरायचं असतं तर मीही आज कुठल्या तरी तळघरात असते. तेव्हा 'नोकरी नकोच' हा माझा सल्ला थोडा हिशेब करून घ्या.

राहिलं निदान सांगायचं. मी नव्या माणसाला सांगत नाही, फक्त कामाच्या अटी सांगते: फोन नाही, घाई नाही, शंका लेखी. तुम्ही सांगावं की नाही, ते समोरचा माणूस बघून ठरवा. सरांना सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पान 112 त्यांनी बदललं नसतंच. फक्त पुढच्या वेळी माझी खूण बघून म्हणाले असते, जाऊ दे रे, तिला तो आजार आहे ना.