आजोबांच्या पावसाच्या वह्या

प्रश्न : वाईच्या घरी माळ्यावर आजोबांच्या वह्या सापडल्या. १९३४ ते १९४८ मधला रोजचा पाऊस, इंच आणि सेंटमध्ये (सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग). शास्त्रज्ञांनी १८३६पासूनचं जगाचं हवामान संगणकावर पुन्हा उभं केलंय, असं वाचलं. तेव्हा उपग्रह नव्हते, मग हे जमलं कसं? आणि आता या वह्यांचं काय करू?

उत्तर : आधी त्या वह्या कोरड्या जागी ठेवा. मी अडतीस वर्षं हवामान निरीक्षक होते, म्हणून जीव कळवळतो.

तुम्ही म्हणता त्या पुनर्विश्लेषणात जुन्या नोंदींपैकी फक्त हवेचा दाब घेतात; समुद्राचं तापमान वेगळं पुरवतात. दाबाच्या फरकावर वारा ठरतो, म्हणून जहाजांवर आणि वेधशाळांत वाचलेल्या दाबमापकातल्या पाऱ्यावरून वरच्या हवेचाही अंदाज बांधता येतो. संगणक पुढच्या काही तासांचं हवामान मांडतो, खरी नोंद मिळाली की तिच्याकडे सरकतो आणि पुन्हा पुढे जातो. असं एकाच वेळी ऐंशी वाटांनी चालतं. नोंदी विरळ असतील तिथे त्या वाटा एकमेकींपासून फाकतात, आणि भरवसा किती ठेवायचा ते त्यावरून कळतं. उपग्रहांची माहिती यात मुद्दामच घेत नाहीत. साधनं मध्येच बदलली, तर हवामान बदलल्याचा भास होतो.

आता तुमच्या वह्या. पाऊस या गणितात घालत नाहीत, तो गणितातून निघतो. म्हणून तो खरा की नाही, हे आजोबांच्या आकड्यांशी ताडून पाहता येतं. त्यांचं मोल इथे आहे.

प्रत्येक पानाचा फोटो काढा, समासातल्या शेऱ्यांसकट. इंचांचे मिलिमीटर करत बसू नका. आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं : चुकलेला आकडा खोडायचा नाही, एक रेघ मारून शेजारी लिहायचं. कोरी जागा कोरीच राहू द्या, तिथे शून्य भरू नका. पर्जन्यमापक अंगणात होता की गच्चीवर, कधी हलवला का, शेजारी झाड होतं का, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा.

आणि रोज किती वाजता मोजायचे, तेही शोधा. २६ जुलै २००५चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस २७ तारखेला सकाळी साडेआठला मोजलेला आहे. आजोबांची तारीखही पाऊस पडल्याची नसून मोजल्याची असू शकेल.