जुनी पिकअप घेतली, दोन महिन्यांत घाटात गरम व्हायला लागली. इंजिन खोलावं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 2016 ची पिकअप साडेचार लाखांना घेतली. रिकामी छान पळते, पण माल भरून चढाला लागली की तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे जातो, मागून काळा धूर येतो, क्लचचा जळका वास येतो. मिस्त्री म्हणतोय की इंजिन खोलावं लागेल, साठ-सत्तर हजार धरून चाला. तुम्ही विचारताय, खोलावं की विकणाऱ्याच्या दारात गाडी परत नेऊन उभी करावी?

माझं मत असं की अजून इंजिनाला पाना लावू देऊ नका. उद्या खोलावं लागेलही, पण तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून ते ठरत नाही. एकदा हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरलं की सगळंच नवीन पडतं आणि मूळ दुखणं कुठं होतं ते कळायचं राहून जातं. मग सत्तर हजार घालूनही गाडी त्याच चढावर गरम होते. हे माझ्या बाबतीत होता होता राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो.

मी कोल्हापूरचा. 2018 च्या मार्चमध्ये 2012 ची पिकअप घेतली. पाहायला गेलो तेव्हा इंजिन धुऊन लख्ख केलेलं, बॉनेटला हात लावला तर कोमट. मालक म्हणाला, आत्ताच पेट्रोल पंपावर जाऊन आलो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. महिनाभर गावातल्या गावात सिमेंट, पत्रे, फर्निचर ओढलं, तक्रार नाही. एप्रिलमध्ये रत्नागिरीहून आंब्याचे साठ क्रेट भरले. पाली, नाणीज, साखरपा, तिथपर्यंत काटा मध्यावर. आंबा घाटाला लागलो आणि चार-पाच वळणांत काटा वर सरकायला लागला. निम्म्या घाटात गाडी बाजूला घेतली तेव्हा ओव्हरफ्लोच्या बाटलीत पाणी खदखदत होतं. दुपारचे दोन वाजलेले, माल दुसऱ्याचा, आणि उन्हात हापूस किती दम धरतो ते तुम्हाला सांगायला नको. दीड तास थांबलो, पाणी घातलं, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर थांबत थांबत वर आलो. मलकापूरला पोचलो तेव्हा अंधार पडला होता.

पहिल्या मिस्त्रीनं मलाही हेच सांगितलं: हेड गॅसकेट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, गेलं, इंजिन काम निघालं. एका ओळखीच्यानं उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रीकडं पाठवलं. त्यांनी त्या दिवशी गाडीला हातच लावला नाही. म्हणाले, रात्रभर इथं थंड होऊ दे. सकाळी रेडिएटरचं झाकण काढलं, आत बोट घातलं, आतल्या कडेवरून फिरवलं आणि माझ्यापुढं धरलं. बोटाला पिवळट तपकिरी चिखल. "पोरा, वास घेऊन बघ." हळद होती. रेडिएटरला बारीक गळती लागली की कुणी कुणी मूठभर हळद टाकतं. ती फुगून भोकात बसते आणि गळती थांबते, विक्री होईपर्यंत तरी. पण ती फक्त भोकातच बसत नाही, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते. टाकी उघडली तेव्हा जवळजवळ निम्म्या नळ्या बुजलेल्या होत्या.

सपाटीला रिकाम्या गाडीचं इंजिन थोडीच उष्णता काढतं, निम्मा रेडिएटर ती फेकू शकतो. सव्वा टन माल घेऊन घाट चढताना इंजिन पूर्ण जोर लावतं, गाडीचा वेग कमी म्हणून समोरून वारा कमी, सगळा भार पंख्यावर आणि त्या उरलेल्या नळ्यांवर. म्हणून काटा नेमका तिथंच चढतो. तुमचंही "रिकामी छान, भरून चढाला गरम" हे वाक्य वाचून मला पहिल्यांदा रेडिएटरच आठवला.

त्याच सकाळी आणखी दोन गोष्टी निघाल्या. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप, काढून टाकलेला होता आणि पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर गायब. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढायची सवय आपल्याकडं फार आहे, ती मला मनापासून चुकीची वाटते. पुष्कळ इंजिनांत तो नसला की बायपासची वाट कायम उघडी राहते आणि थोडं पाणी रेडिएटरकडं न जाताच परत फिरतं. शिवाय थंडीत इंजिन वेळेवर तापत नाही, डिझेल जास्त जातं. कव्हर नसलं की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच घुसळतो. रेडिएटरला नवीन कोअर, थर्मोस्टॅट, जुन्या बाजारातून आणलेलं कव्हर, नवं झाकण आणि कुलंट (रेडिएटरमध्ये घालायचा थंडाव्याचा द्रव) मिळून तेव्हा माझे नऊ हजारांच्या आसपास गेले. ती गाडी मी 2023 पर्यंत चालवली, इंजिन खोलावं लागलं नाही.

आता तुमच्या गाडीबद्दल. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, स्वतः पाहा. गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. झाकणानं आत दाब धरलेला असतो, म्हणून पाणी शंभर अंशाच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं, आणि झाकण फिरवताच ते तोंडावर येतं. थंड गाडीत काय दिसतं? हिरवं, निळं किंवा लाल स्वच्छ कुलंट असेल तर ठीक. गंजाचं तांबडं पाणी, पिवळा गाळ किंवा तेलाचा तवंग असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर आधी तेच बदला, त्यापेक्षा स्वस्त दुरुस्ती या गाडीत दुसरी नाही. समोरून रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे अडकलेत का तेही पाहा. मागच्या मालकानं विटा-माती ओढली असेल तर जाळी लिंपल्यासारखी झालेली असते.

मग झाकण उघडं ठेवूनच, थंड इंजिनावर गाडी चालू करा आणि पाण्याकडं पाहत राहा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा. पण बुडबुडे थांबतच नसतील, ॲक्सिलरेटर दिला की वाढत असतील, तर सिलिंडरातला वायू पाण्यात येतोय, म्हणजे हेड गॅसकेटचा संशय खरा. झाकण लावून चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत, इंजिन तापायच्या आतच, रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दगडासारखा कडक होत असेल तर तेच. गळती कुठंच नाही, तरी रोज पाणी कमी होतंय, सकाळी पांढरा धूर बराच वेळ येतोय, डिपस्टिकवरचं (इंजिन ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) तेल दुधाच्या चहासारखं दिसतंय, हीही त्याचीच लक्षणं. फक्त तेलाच्या झाकणाखाली थोडी पांढरी साय दिसली म्हणून घाबरू नका, थंडीच्या दिवसांत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ओलाव्यानंही ती धरते. गॅसकेटच गेलं असलं तरी ते पूर्ण इंजिन काम नव्हे. हेड उतरवून लेथवाल्याकडं फेसिंग करून, म्हणजे त्याचा तळ सपाट करून घेणं आणि पिस्टन-रिंगपर्यंत खाली जाणं यांच्या खर्चात मोठा फरक आहे. मिस्त्री "इंजिन काम" म्हणाला की कुठलं काम, ते विचाराच.

पिस्टन-रिंगची परीक्षा वेगळी. इंजिन तापल्यावर आयडलवर ठेवून तेल भरायचं झाकण सैल करा आणि तिथंच नुसतं टेकवून ठेवा. थोडी वाफ येणं चालतं. झाकण थाडथाड उडत असेल, धूर फसफसत असेल, डिपस्टिकमधून तेल बाहेर येत असेल तर गाडी बॅक कॉम्प्रेशन मारतेय, म्हणजे सिलिंडरातला दाब रिंगांवरून खाली गळतोय. तेव्हा मिस्त्रीचं म्हणणं बरोबर असू शकतं. पण त्याआधी कॉम्प्रेशन गेज (दाब मोजायचं मीटर) लावून प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर लिहून घ्या. आकडे न पाहता इंजिन खोलायला परवानगी देऊ नका. एक लक्षात ठेवा, विकताना काही लोक जाड ग्रेडचं ऑइल भरतात, त्यानं धूर आणि बॅक थोडे दिवस दबून राहतात. तुम्ही घेतल्यापासून ऑइल बदललं नसेल तर गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं नवीन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर एकदम टाका. हा खर्च कुठल्याही परिस्थितीत वाया जात नाही.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानं हवा कमी पडतेय. निळा असता तर तेल जळतंय असं म्हटलं असतं. तुमचा काळा आहे, त्यामुळं मी आधी एअर फिल्टर आणि टर्बोपासून (इंजिनात जादा हवा ढकलणारा) इंटरकूलरकडं (ती हवा थंड करणारा) जाणारे रबरी होज पाहीन. होजला खालच्या बाजूनं चीर असते, वरून दिसत नाही. हात फिरवलात की तेलकट काळा ओघळ लागतो. ती चीर भार पडल्यावर उघडते, टर्बोची हवा तिथून निघून जाते, गाडी ओढत नाही आणि धूर सोडते. त्यानंतर डिझेल फवारणारे नोझल. ते रस्त्यावरच्या मिस्त्रीकडं न उघडता, जिथं टेस्ट बेंच आहे अशा पंप-नोझलवाल्याकडंच तपासा.

क्लचचं मला फार वाटत नाही. गाडी सपाटीला हळू चालत असताना वरचा गिअर टाका आणि जोर द्या. इंजिनाचे आरपीएम चढतात पण वेग वाढत नाही, असं झालं तर प्लेट गेली. टाकायची तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच टाका, कारण गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा द्यायची नसते. घाटात हाफ क्लचवर गाडी धरायची सवय असेल तर तीही सोडा.

आता ज्याबद्दल तुम्ही एक अक्षरही लिहिलेलं नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते, ब्रेक आणि चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. गरम झालेली गाडी कडेला उभी करता येते. भरलेली पिकअप उतारावर ब्रेक धरेना झाली तर हातात काहीच उरत नाही. चारही चाकं उतरवून लायनर, ड्रम, व्हील सिलिंडरची गळती पाहून घ्या, ब्रेक ऑइल काळं असेल तर बदला. मग गाडीखाली आडवे व्हा आणि मागच्या स्प्रिंगचे पाटे मोजा. दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, एखादा जादा पाटा टाकलाय का? जादा पाटा म्हणजे मागच्या मालकानं ठरलेल्या वजनापेक्षा जास्त ओढलं असावं. तसं असेल तर पाट्याच्या हँगरजवळ, म्हणजे पाटे चासीला अडकवलेत तिथं, चासीवर बॅटरी मारून नीट पाहा. ताज्या काळ्या रंगाखाली वेल्डिंगचा उंचवटा बोटाला लागतो का? माझ्या गाडीला डाव्या बाजूला तसा वीतभर उंचवटा होता, रंग इतका जाड की डोळ्यांना दिसला नव्हता, अंगठ्याला लागला. तिथं पुन्हा तडा जायला लागला होता. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (मागच्या चाकांकडं जोर नेणाऱ्या दांड्याचे सांधे) हातानं हलवून पाहा, पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली आणि डावी-उजवीकडं हलवा, बॉल जॉइंट आणि टायरॉड एंड (पुढच्या चाकाचे आणि स्टिअरिंगचे सांधे) यांचा ढिलेपणा कळेल. हे सगळं होईपर्यंत भरलेली गाडी घाटात घालू नका, भाडं बुडालं तरी चालेल.

परत करण्याबद्दल थोडक्यात. विकणारा माणूस तुमच्यासारखाच खासगी मालक असेल आणि "आहे तशी" म्हणून व्यवहार झाला असेल तर कायद्यानं पैसे परत मिळवणं अवघड आहे, कारण पाहून घ्यायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. त्यानं दोष जाणूनबुजून दडवल्याचा पुरावा असेल, जसा गाळाचा फोटो, रंगाखालचं वेल्डिंग, "इंजिनला हात लावायची गरज नाही" असा मेसेज, तर तो घेऊन आधी शांतपणे बोला. खर्चात निम्मा वाटा मागा. मला असंच बोलून काही रक्कम परत मिळाली होती. भांडायला गेलो असतो तर तीही मिळाली नसती. डीलरकडून घेतली असेल तर गोष्ट वेगळी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू बाहेर ठेवली आहे, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली धरली जाते. एकच गाडी, स्वतःच चालवता, हे दाखवता आलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाता येतं.

आणि तोपर्यंत कागद तरी पूर्ण आहेत ना? आरसीवर तुमचं नाव, विमा तुमच्या नावावर, जुन्या कर्जाचा बोजा उतरलेला, हे तिन्ही आजच पाहा. गाडी आठ वर्षांच्या पुढं गेलीय, म्हणजे फिटनेस तपासणी दर वर्षी. विमा जुन्या मालकाच्या नावावर असताना काही झालं तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

उद्या सकाळी फक्त दोन गोष्टी करा, थंड रेडिएटरचं झाकण आणि पाट्याजवळची चासी. आत काय दिसलं आणि बोटाला काय लागलं ते फोटोसकट इथं लिहा, मी पाहीन. आणि मिस्त्रीला सांगा, आठ दिवस थांब.